हात दाखवून अवलक्षण

सगळं सुरू झालं ते 28 सेकंदांच्या एका रीलपासून. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दिवा मालवून मी अंथरुणावर पडलो होतो आणि अंगठा आपला सवयीनं स्क्रीन सरकवत होता. तेवढ्यात कुणाचा तरी हात दिसला. त्याच्यात पेन्सिल होती आणि त्या हातानं कागदावर दुसरा हात काढला. एक चौकोन, त्यावर चार नळकांडी, कडेला तिरपा अंगठा. मग थोडं घासलं, थोडं पुसलं, आणि बघताबघता कागदातून हात वर आल्यासारखा दिसायला लागला. मी ते सात वेळा बघितलं. आठव्या वेळी माझी खात्री पटली, की हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ.

मळ असेलही. डावा हात मात्र नाही, हे कळायला पुढचे दोन महिने गेले.

सकाळपर्यंत फोनला सुगावा लागला होता, की या घरात चित्रकार जन्माला आलाय. एरवी तो मला कंबरदुखीवरचे व्यायाम आणि निवृत्तीचं नियोजन दाखवायचा. आता जो तो मला हात शिकवायला निघाला. एक म्हणाला, आधी ठोकळे काढा. दुसरा म्हणाला, ठोकळे काढाल तर जन्मभर ठोकळेच काढाल. आधी हाताचा प्रवाह पकडा. तिसऱ्याच्या मते खोडरबर हा शत्रू होता. चौथ्याकडे चार प्रकारचे खोडरबर होते आणि त्यातला एक चिकणमातीसारखा मळता येत होता. मी अर्थातच चौथ्याचं ऐकलं. तो मळायचा रबर मागवला आणि पहिल्या आठवड्यात त्याचे दोन हत्ती आणि एक बरं दिसणारं कासव केलं. चित्र निघालं नव्हतं, शिल्प मात्र मार्गी लागलं होतं.

पेन्सिलींचा डबाही आला. त्यातली एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी. आकडा वाढेल तसा कडकपणा किंवा काळेपणा वाढतो, एवढं ज्ञान मी दोन दिवस भेटेल त्याला दिलं. स्केचबुक इतकं देखणं होतं की पहिल्या पानावर रेघ मारायचा धीरच होईना. शेवटी ते मागून उघडलं.

मग कळलं, की मला रेघच मारता येत नाही. सत्तेचाळीस वर्षं मी ती मनगटातून मारत आलो होतो. चित्रकार ती खांद्यातून मारतात. शिवाय टोक कागदाला लावण्याआधी तीच रेघ हवेत दोन-चार वेळा फिरवून बघायची, म्हणजे हाताला वळण कळतं. मी टेबलाशी बसून अख्खा हात हवेत फिरवत होतो. बायको दारातून थोडा वेळ बघत राहिली.

"अहो, डास फार झालेत का? खिडकी लावू?"

"रेघेचा सराव करतोय."

"कुठाय रेघ?"

"अजून हवेत आहे."

तिनं खिडकी लावली.

प्रमाणांचं प्रकरण याहून अवघड निघालं. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी ही हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंतच्या चेहऱ्याएवढी असते, हे विट्रुव्हिअस नावाच्या रोमन वास्तुविशारदानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. माणसाला असं काही कळलं की गप्प बसवत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी सहज तळहात चेहऱ्यावर ठेवून मोजून बघितलं. माझं कपाळ वर वर सरकत चाललंय, त्यामुळे चेहरा थोडा उरत होता. तो किती उरतोय हे बोटानं चाचपत असताना खोलीत शांतता पसरली. साहेब म्हणाले, "आकडे वाईट आहेत हे मान्य आहे, पण इतकं मनाला लावून घेऊ नका." त्या दिवशी मला तासभर आधी घरी सोडलं. चित्रकलेनं मला आजवर दिलेलं हे एकमेव ठोस उत्पन्न.

पहिला हात त्याच संध्याकाळी पूर्ण झाला. फुगवलेल्या हातमोज्यासारखा दिसत होता, पण छायाप्रकाश चांगला जमला होता, निदान मला तसं वाटत होतं. मुलीला दाखवला. तिनं वही लांब धरली, मग जवळ धरली.

"बाबा, हा एआयनं काढलाय का?"

एवढा हुबेहूब जमलाय की काय, म्हणून मी हरखलो. "का गं?"

"सहा बोटं आहेत."

मोजली. सहाच होती. अंगठा आधी काढून झाला होता आणि मग बोटं काढण्याच्या भरात एक जादा पडलं होतं. लाखो चित्रं पचवलेली ती अवाढव्य यंत्रं सुरुवातीला ज्या चुकीवर अडखळायची, तिथं मी कुणाचंही चित्र न पचवता स्वतःच्या बळावर पोचलो होतो. याचं कौतुक घरात कुणालाच नव्हतं.

आता माझी बाजूही ऐका. स्वतःचा डावा हात काढणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. उजवा हात पेन्सिलीत गुंतलेला. डावा समोर हवेत, 'सहज' पडल्यासारखा. मग कागद कोण धरणार? मी तो कोपरानं दाबायचो. कोपर दाबलं की खांदा उचलायचा आणि खांदा उचलला की तो सहज पडलेला हात कुणाला तरी शाप देतोय असं दिसायला लागायचं. पाच मिनिटांनी मुंग्या. दहा मिनिटांनी बोटं हळूहळू मिटायला लागायची. करंगळीची सावली भरून वर बघावं तर तर्जनी तिसरीकडेच. एका हातात 27 हाडं असतात. त्यांतलं एकही माझ्या सांगण्यात नव्हतं.

असे हात टेकले की मी 'अभ्यासाला' बसायचो, म्हणजे पुन्हा फोन घ्यायचो. पण खरं सांगतो, या उनाडक्या करण्यातच मला सगळ्यात सुख मिळालं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं 2017 मध्ये आपल्याकडच्या पावणेचार लाख प्रतिमा कुणीही कशाही वापराव्यात म्हणून मोकळ्या केल्या. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं डच चित्रकार रेम्ब्राँटच्या 1642 मधल्या 'नाइट वॉच' या चित्राचा 717 अब्ज पिक्सेलचा फोटो काढून इंटरनेटवर ठेवलाय. त्यात मधोमध उभ्या असलेल्या कॅप्टनचा एक हात सरळ आपल्या दिशेनं पुढे आलाय. डावा हात! मी रात्री एक वाजता त्या हाताच्या जवळ जवळ जात राहिलो. आधी हात होता, मग बोटं, मग रंगाचे फटकारे, मग नुसत्या भेगा पडलेल्या रंगाची जमीन. हात कुठल्या क्षणी नाहीसा झाला ते कळलंच नाही. परत मागे आलो तर तो पुन्हा जागेवर, आणि त्याची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर निवांत पडलेली. समोरून येणारं बोट काढायला मी चार दिवस झटत होतो. माझं बोट टोपण लावलेल्या पेनासारखं दिसत होतं.

जर्मन चित्रकार ड्यूररनं 1508 मध्ये निळ्या कागदावर कुंचल्यानं काढलेले जोडलेले हात बघितले आणि मीही माझे जोडले. खरा जीव जडला तो अर्जेंटिनातल्या हातांच्या गुहेवर. तिथं हजारो वर्षांपूर्वी लोकांनी भिंतीवर पंजा ठेवला, नळीतून त्याच्याभोवती रंग फुंकला आणि पंजा उचलला. झालं चित्र. त्यातले बहुतेक हात डावे आहेत, कारण नळी उजव्या हातात असणार, असं संशोधक सांगतात. म्हणजे उजवा कामात आणि डावा मॉडेल, अगदी माझ्यासारखंच. फरक एवढाच, की त्यांना काढत बसायची दुर्बुद्धी झाली नाही.

मुलीच्या टॅबवर काढून बघ, असाही एक सल्ला होता. तो मानला आणि आयुष्याची आणखी एक घडी विस्कटली. त्यातल्या ॲपवर चूक झाली की स्क्रीनवर दोन बोटं टेकवायची, चूक गायब. पुन्हा टेकवा, त्याच्या आधीची गायब. आठवडाभर मी इतक्या चुका पुसल्या, की कागदाकडे परतलो तेव्हा रेघ वाकडी गेल्याबरोबर दोन बोटं आपोआप कागदावर टेकली. रेघ हलली नाही. पुढे ही खोड पसरत गेली. डाळीत मीठ जास्त पडलं तेव्हा मी ओट्यावर दोन बोटं टेकवली. साहेबांसमोर भलतंच बोलून गेलो तेव्हा टेबलावर. कशाचाही उपयोग झाला नाही.

धीर दिला तो जपानी चित्रकार होकुसाईनं. पंचाहत्तरीच्या सुमारास त्यानं लिहून ठेवलंय, की सत्तरीच्या आधी आपण जे काढलं त्यात दखल घेण्याजोगं काही नाही. पशुपक्ष्यांची ठेवण जरा कळली ती त्र्याहत्तराव्या वर्षी. हे मी जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं.

बायकोनं मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे अजून तेवीस वर्षं हा पसारा टेबलावर?"

त्या रात्री हातघाईवर आलो. मॉडेलचा संप मोडायचा म्हणून फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, त्यात बघत बघत तळवा नीट लावला आणि फोटो घेतला. आता हात हलणार नव्हता आणि मुंग्याही येणार नव्हत्या. मग एक जुना सल्ला आठवला: बोटं काढू नका, बोटांमधली रिकामी जागा काढा. ऐकायला साधुसंतांचं वाटतं, पण आहे निव्वळ व्यवहार. बोट म्हटलं की डोळा बघायचं सोडतो आणि डोक्यातलं ठरीव बोट काढतो. फटीला कसलंच नाव नसतं, त्यामुळे ती बघावीच लागते. तर्जनी आणि मधल्या बोटातली फट म्हणजे उलटी, निमुळती पाचर. अंगठ्याजवळची फट शिडासारखी, एक कड सरळ, एक पोटाकडे वळलेली. अशा चार फटी काढल्या, आणि मधल्या जागेत कुणी न बोलावता बोटं येऊन बसली. मोजली. अंगठा धरून पाच. तळव्याच्या रेषा घातल्या, अंगठ्याखालचा उंचवटा टू-बीनं हळूच घोटला. मनगटाशी आलो तेव्हा दोन वाजले होते आणि कागदावर खरोखरच एक हात होता.

सकाळी कुणी दात घासायच्या आत वही सगळ्यांसमोर धरली. बायको बघत राहिली. "तुम्ही काढला?" असं तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं ते माझ्या जास्त मनाला भिडलं.

मुलगी मात्र काही बोलेना. तिनं आपला डावा तळवा चित्राशेजारी धरला. मग खाली घेतला. मग उजवा धरला.

"बाबा, फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढलात?"

"हो. म्हणजे पडद्यावर बघून नीट लावता येतो ना."

"त्यात उलटं येतं. हा उजवा हात आहे."

मी तिच्या हाताकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, अंगठ्याकडे तर बराच वेळ बघितलं. मग काही न बोलता कागदावर दोन बोटं टेकवली.