मामांना आलेला 'दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे लूट' हा मेसेज

मामांच्या उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. वरचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा वरचा भाग काढायचा, दुर्बिणीनं करू, असं सर्जन म्हणाले, सगळं ठरलं आणि काल रात्री 11 ला मामांचा फोन, "अरे, आपण ओपनच करूया का? तो मेसेज वाचलास ना?" वाचला. फॅमिली ग्रुपवर तिघांनी टाकलाय, खाली हात जोडलेलेही आहेत. त्यात म्हणे, छोट्या भोकातून कॅन्सर पूर्ण निघत नाही, रिकव्हरीत काडीचा फरक नसतो, दुर्बीण म्हणजे पैसे काढायचा धंदा, फुफ्फुसाला हवा लागली की कॅन्सर पसरतो, आणि ऑपरेशन कुठलंही असो 21 दिवस पडून राहायचं, खोकायचं नाही, टाके तुटतात.

हवेचं आधी संपवतो. फुफ्फुसाला हवा लागते? जन्मल्यापासून दुसरं काय लागतंय त्याला! पुढे.

पूर्ण निघत नाही आणि फरक नसतो, या दोन्हीला उत्तर एकच. ब्रिटनमधल्या 9 हॉस्पिटलांत व्हायोलेट नावाची ट्रायल झाली, 503 पेशंट, कोणाचं दुर्बिणीनं आणि कोणाचं ओपन हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, 2022 मध्ये छापून आली. मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्हीकडे सारखीच मोठी ड्रेसिंग लावली होती, म्हणजे आपलं कसं झालंय हे पेशंटला सुरुवातीला कळूच नये आणि 'छोटं झालंय म्हणून बरं वाटतंय' असं नको. निकाल? गाठ मुळापासून निघण्यात, लिम्फ नोड (कॅन्सर जिथे पसरतो त्या आसपासच्या छोट्या ग्रंथी) काढण्यात दुर्बीण मागे नव्हती. हॉस्पिटलात असताना कॉम्प्लिकेशन दुर्बिणीत 100 पैकी साधारण 33 जणांना, ओपनमध्ये 44. पाच आठवड्यांनी चालणं-फिरणं, घरातली कामं दुर्बिणीवाल्यांना जास्त जमत होती. मुक्काम मात्र 4 दिवस विरुद्ध 5, म्हणजे 'दुसऱ्या दिवशी घरी' म्हणणाराही फेकतच असतो.

कारण आत दोन्हीकडे तेच होतं, लोबची रक्तवाहिनी, श्वासनळीची फांदी, सगळं स्टेपलरनं बंद करून कापायचं. फरक बाहेर आहे. ओपनमध्ये पाठीकडून लांब चीर, स्नायू कापायचे आणि बरगड्या यंत्रानं फाकवायच्या, बरगडीखालची नस दाबली जाते, दुखणं तिथलं. दुर्बिणीत बरगड्या फाकवत नाहीत. लोब पिशवीत भरून 4-5 सेंमीच्या भोकातून बाहेर.

पैशाचं अर्धं खरं आहे, मान्य. स्टेपलरची काडतुसं एकदाच वापरायची, बिल फुगतं, रोबोट असेल तर विचारूच नका. आणि आपल्याकडे जुन्या टीबीनं फुफ्फुस छातीला चिकटलेलं असतं, मग दुर्बिणीनं सुरू करून मध्येच ओपन करावं लागू शकतं. तो सर्जनचा नालायकपणा नाही, शहाणपणा आहे. पण हे सर्जनला विचारायचं, ग्रुपवर नाही.

आता तो पडून राहायचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. हा सल्ला माणूस मारू शकतो. दुखतं म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, खोकत नाही, कफ आतच साठतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो आणि न्यूमोनिया. पायात गुठळी होते ती वेगळीच. म्हणून तर ओपन असो की दुर्बीण, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच उठवून बसवतात, छातीतली हवा-पाणी बाहेर काढायला बसवलेली नळी आणि तिला जोडलेली बाटली हातात घेऊन पॅसेजमध्ये चालवतात. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला लावतात, मुद्दाम. टाके नाही तुटत. तसं घरी कधी सोडणार हे टाक्यांवर नाही, बहुतेक वेळा नळीवर ठरतं, बाटलीत बुडबुडे येतायत तोवर फुफ्फुसातून हवा गळतेय आणि नळी निघत नाही. आणि नातेवाईक काय करतात? "पडून राहा हो, दमाल" म्हणत पांघरूण ओढून देतात.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. शेवटी म्हणाले, "बरं, म्हणजे ते गोळ्यांचं खेळणं करायचंच का?" ते स्पायरोमीटर, श्वास आत ओढून त्यातल्या प्लॅस्टिकच्या गोळ्या वर उचलायच्या, ऑपरेशनच्या आधीच दिलंय, दर तासाला 10 वेळा ओढायचं. आज सकाळी व्हिडिओ पाठवलाय, दोन गोळ्या वर जातायत, तिसरी थरथरतेय. सिगरेट मात्र मागच्या टेबलावर दिसली, मामीला फोन लावतोय.