हिवाळ्यातली पहाटेची हवा शुद्ध नसते

छोट्या गावातली हवा चांगली, त्यातही पहाटेची सर्वांत चांगली, हे आपण इतकं गृहीत धरलंय की थंडीत सकाळी घसा खवखवला तरी दोष गारठ्यालाच देतो. कारखाने नाहीत, वाहनांची गर्दी नाही, मग प्रदूषण येणार कुठून? पण येतं, आणि हिवाळ्यात ते संध्याकाळपासून सकाळी आठ-नऊपर्यंत जास्त असतं. नेमकी तीच आपली फिरायची वेळ.

कारण साधं आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. वरची हवा मात्र त्या मानानं उबदार राहते. खालची थंड, जड हवा वर जात नाही, त्यामुळे धूरही वर जात नाही. दुपारी हजार मीटर किंवा त्याहून उंच मिसळणारा धूर रात्री शे-दोनशे मीटरच्या, कधी त्याहूनही पातळ थरात कोंडतो. धूर तेवढाच, पण जागा कमी. ओढ्याकाठच्या आणि खोलगट वस्तीत थंड हवा उतरून साचते, म्हणून तिथे त्रास जास्त. हे ओळखायला यंत्र लागत नाही. एखाद्या धुराड्याकडे बघा. धूर थोडा वर जाऊन छपरांच्या उंचीवर आडवा पसरला आणि तसाच रेंगाळला, तर खिडक्या लावून घ्या. ऊन चढल्यावर, साधारण अकरा ते चार, खिडक्या-दारं उघडी ठेवा. फिरायलाही ऊन आल्यावरच जा. दमेकरी, वयस्कर माणसं आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हे पाळाच.

आता कचऱ्याबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. संध्याकाळी पाचोळ्याचा ढीग करून काडी लावणं म्हणजे दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडणं. ज्वाळा विझल्या की काम संपलं असं वाटतं, पण जास्त धूर तिथूनच सुरू होतो. ओलसर पानांचा ढीग आतून रात्रभर धुमसतो, आणि धुमसण्यातून सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात. त्यात पीव्हीसी प्लास्टिकचा तुकडा असेल तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्यंही. पाचोळा जाळायची गरजच नाही. तारेच्या जाळीचं मीटरभर रुंद, मीटरभर उंच कडं करा. तीन भाग कोरडी पानं, एक भाग हिरवा कचरा असे थर द्या. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी पण पाणी गळू नये, इतकंच पाणी मारा. दोन आठवड्यांनी खालवर करा. कुबट वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडी पानं घाला. ढीग गरमच होत नसेल तर तो सुकलाय, लहान आहे किंवा हिरवा कचरा कमी पडलाय.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यावर फार विसंबू नका. जवळचं मापन केंद्र कित्येक किलोमीटर लांब असू शकतं, आणि ॲप मधल्या भागाचा फक्त अंदाज दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये पीएम 2.5 साठी, म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, 24 तासांची सरासरी 15 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही पातळी सुचवली. स्वस्त लेझर सेन्सरनं ती तपासता येते, पण धुक्यात कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. उलट कच्च्या रस्त्याचा जाड फुफाटा हेच सेन्सर नीट पकडत नाहीत. समोर धूळ दिसत असताना आकडा कमी आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

रुमाल बांधल्यानं सूक्ष्म कण अडत नाहीत. एन 95 मास्क अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असली की कडेनं हवा शिरते. एअर प्युरिफायर घेताना खोलीचं घनफळ काढा. 12 चौरस मीटर खोली, 3 मीटर उंची म्हणजे 36 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, निदान 180 घनमीटर प्रति तास असायला हवा. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवलं की ही क्षमता मिळत नाही.

पावसाळ्यात पाऊस जाड धूळ चांगली खाली बसवतो, बारीक कण तितके नाही. उन्हाळ्याचं गणित मात्र वेगळं. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो वाऱ्यासोबत शहराबाहेर येतो, आणि कधी कधी गावात शहरापेक्षाही जास्त भरतो. तो दिसत नाही, आणि वायू असल्यामुळे एन 95 मधूनही आत जातो. त्याची पातळी दुपारी ते संध्याकाळच्या सुरुवातीला सर्वाधिक असते. म्हणून मुलांचा मैदानावरचा सराव उन्हाळ्यात सकाळी लवकर घ्या, आणि थंडी पडली की तो उन्हात ढकला.