हार्टफर्डचं स्टेडियम फुकटात पडलं म्हणणाऱ्यांसाठी

हार्टफर्डच्या इन्शुरन्स कंपन्यांमुळे कनेक्टिकटात आपली मराठी मंडळी बरीच आहेत आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी फिरत असते: डंकिन पार्क बघा, मायनर लीग बेसबॉलचं (म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरच्या टीमचं) स्टेडियम बांधलं, गर्दी होते, खर्च आपोआप निघाला, डाउनटाउन सुधारलं, छोट्या शहरांनी हेच करावं. स्टेडियम मस्तच आहे, त्यात वाद नाही. 2019 पासून तिथे शेंगदाणे मिळत नाहीत, त्यामुळे ॲलर्जीवाल्या पोरांना घेऊन आईबाप निवांत मॅच बघतात, हे मला मनापासून आवडतं. पण बाकीचं पटत नाही.

"शहरात नवा पैसा आला." कुठून आला? इथे खेळणारी यार्ड गोट्स म्हणजे आधीची रॉक कॅट्स, शेजारच्या न्यू ब्रिटनमधून उचलून आणलेली टीम. तिथे जाणारी फॅमिली आता इथे येते, आणि महिन्याचं फिरण्या-खाण्याचं बजेट ठरलेलं असतं, मॅचला शंभर डॉलर गेले की तेवढे दुसऱ्या कुठल्या तरी हॉटेलात किंवा थिएटरात कमी जातात. एका गावचा गल्ला दुसऱ्या गावात गेला, एवढंच.

"खर्च निघाला." कसा काय? सुरुवातीचा आकडा 5.6 कोटी डॉलर होता तो 7.1 कोटीवर गेला, आणि टीमचं वर्षाचं भाडं ठरलं 5 लाख. नुसत्या भाड्यावर मुद्दल फिटायलाच 140 वर्षं लागतील, व्याज तर सोडूनच द्या. पार्किंग, टॅक्स वगैरे धरा हवं तर, पण तिकिटांचा मोठा वाटा टीमकडे जातो, कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर. त्यात खेळाडूंचे पगारही मालकाला द्यावे लागत नाहीत, ते वरच्या लीगमधली टीम देते, इथे कोलोरॅडो रॉकीज. आणि ही तीच हार्टफर्ड जिचं जवळपास 55 कोटी डॉलरचं कर्ज 2018 मध्ये राज्याने अंगावर घेतलं. ते कर्ज स्टेडियममुळे झालं असं मी म्हणत नाहीये, पण खिसा रिकामा असताना हा निर्णय घेतला गेला हे तर खरंय ना?

"थोडा उशीर झाला, पण झालं ना." थोडा? एप्रिल 2016 ला उघडायचं होतं, उघडलं एप्रिल 2017 ला. 2016 चा अख्खा सीझन टीम घराबाहेर खेळली, स्वतःच्या "होम" मॅचेसही दुसऱ्यांच्या मैदानावर. जूनमध्ये मेयर ल्यूक ब्रॉनिन यांनी डेव्हलपरला काढलं, मग कामाची हमी घेतलेल्या इन्शुरन्स कंपनीला मधे पडून काम पुरं करून घ्यावं लागलं.

"आजूबाजूला इमारती आल्या." आल्या, पण मॅच सुरू झाल्यावर पाच वर्षांनी. काढलेल्या डेव्हलपरशी झालेल्या कोर्टकचेरीत शेजारच्या जागा अडकल्या, पहिली मोठी अपार्टमेंट बिल्डिंग 2022 ला उघडली. 2019 ला ज्युरीने शहराच्या बाजूने निकाल दिला, 2022 ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, शेवटी 2024 ला शहराने डेव्हलपरला 99 लाख डॉलर द्यायचे अशी तडजोड. हा पैसा "खर्च निघाला" म्हणणाऱ्यांच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

आणि "टीम आता कायमची आपली" म्हणणाऱ्यांनी न्यू ब्रिटनला जाऊन विचारावं. त्यांनीही 1996 ला नवं स्टेडियम बांधलं होतं. 2015 चा सीझन संपला आणि टीम गेली.