खुलासा : पाळीचं दुखणं ‘मुळापासून’ घालवणारा चिनी रोबो

यंत्राचा हात एका बाईच्या ओटीपोटावर धुमसती कांडी धरून आहे, असा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली मजकूर : ‘चीनच्या रोबोने पाळीचं दुखणं मुळापासून बरं होतं, गोळ्या बंद करा.’ असे रोबो चीनमध्ये आहेत. दावा मात्र खोटा.

ती कांडी दवण्याच्या कुळातल्या एका झाडपाल्याची. वाळकी पानं कुटून कापसासारखी मऊ करायची, कागदात वळायची, पेटवायची आणि कातडीला न टेकवता शेक द्यायचा. बेंबीखाली चार बोटं, नाहीतर आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. या जुन्या चिनी उपचाराला मॉक्सिबस्टन म्हणतात. रोबो कॅमेऱ्याने जागा हेरतो, अंतर राखतो, त्वचा जास्त तापू देत नाही. कांडी धरून माणसाचा हात अवघडतो, याचा नाही, एवढाच काय तो फरक.

शेकाने आराम पडतो, यात वाद नाही. पाळीत शरीरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे गर्भाशय आवळतं आणि कळ येते. उबेने ते सैलावतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटावर बांधायचा सुमारे ३९ अंशांचा पट्टा ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीच्या तोडीचा ठरला. त्यात ना धूर होता, ना रोबो! घरातली रबरी पिशवीही ऊबच देते.

पण हा आराम तेवढ्यापुरता. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) यांमुळे दुखत असेल, तर शेकाने ते आजार जात नाहीत. दर महिन्याला कळ वाढत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या फॉरवर्ड वाचून बंद करू नका.