पाण्याचा सहावा उपयोग

वहिनीने भाचीच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला तो अक्षर दाखवायला. अक्षर सुरेखच आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावची मराठी शाळा, इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास. 'पाण्याचे उपयोग लिहा.' पिणे, आंघोळ, कपडे धुणे, स्वयंपाक, शेती. त्याखाली तिने मनानेच सहावा लिहिला होता: 'पोचट भात वेगळे करणे.' त्यावर लाल रेघ आणि बाजूला शेरा, 'पुस्तकातलेच लिहा.'

पेरणीआधी बियाणं पाण्यात ओतलं की पोकळ दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. आमचे बाबा हे दर मिरगाला करतात आणि ही बादलीशेजारी बसलेली असते. स्वतः पाहिलं, ताडलं, आपल्या शब्दांत मांडलं. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणात ज्याला चिकित्सक विचार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते, गोदामात पाळ्या करते. मुलगा इथल्या शाळेत चौथ्या वर्गात. त्याच्या गणिताच्या वहीत परवा एक विधान होतं: दोन विषम संख्यांची बेरीज नेहमी सम, कधी कधी सम, की कधीच नाही? त्याने 'नेहमी'वर खूण केली. बरोबर होतं. तरी बाईंनी खाली लिहिलं, 'कशावरून?' त्यावर त्याने जांभळ्या पेनाने (चुका सुधारायला, भर घालायला इथे मुलांना वेगळ्या रंगाचं पेन देतात) ठिपक्यांच्या जोड्या काढल्या आणि लिहिलं, 'दोन्हीकडे एकेक उरतो, ते दोघे जोडी करतात.' बरोबर उत्तरालाही कारण विचारतात, हे मला आमच्या बालपणी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

म्हणून 'तिकडे परीक्षा नाहीत, मुलं फुलपाखरासारखी शिकतात' असलं काही घरच्या ग्रुपवर आलं की मला हसू येतं. पहिलीतच इथे अक्षरांच्या उच्चारांची तपासणी होते. चौथीत पाढ्यांची: संगणकावर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारा बारेपर्यंत. आमचे मास्तर पाहते तर खूश झाले असते. पाठांतराने डोकं बधिर होतं हे मला पटत नाही. 'कशावरून' कुणी विचारलंच नाही तर होतं.

गोव्यात आपण मात्र माध्यमावर भांडत आलो. १९९०मध्ये सरकारने प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोकणी शाळांना ठेवलं, २०११मध्ये ते इंग्रजीला खुलं केलं, मग आंदोलनं, फाटाफूट. दादा मला टोमणा मारतो, 'तुझा पोर इंग्रजीत आणि आम्हाला तू मराठीचं सांगतेस!' टोमणा खोटा नाही. पण 'पोचट' हा शब्द भाचीकडे आहे, म्हणून ते वाक्य तिच्याकडे आलं. शहरातल्या इंग्रजी शाळेत तिने फळ्यावरचे पाच उपयोग उतरवले असते, सहाव्यासाठी शब्दच नसता. म्हणून मी मराठीच्या बाजूची. फक्त आपल्या बाजूने हेही कबूल करावं की लाल रेघ मराठीतच मारली गेली.

भाचीच्या बाईंना मी दोष देणार नाही. एकटीने पहिली ते चौथी एका खोलीत सांभाळायची, वर सरकारी कागद भरायचे. मीही अशाच शाळेत शिकले. मास्तर चौथीला भागाकार समजावत असले की तिसरीतल्या आम्ही पहिलीच्या मुलांना बाराखडी घ्यायचो. स्वतःचं स्वतः शिकणं म्हणजे काय ते मला तिथेच कळलं, नाइलाजाने का होईना.

आणि माझा लेक? गेल्या चतुर्थीला गावी गेलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना त्याने शंभर 'का' विचारले, हात मात्र एकदाही पुढे केला नाही. कुणीतरी पायऱ्या लिहून देईल म्हणून थांबलेला. भाचीने सुपारीचा घड दोन्हीकडे तोलून बांधला, कवंडळ लालभडक दिसलं तरी खायचं नसतं हे त्याला दरडावलं आणि गाठ मारायला शिकवली.

त्या फोटोनंतरच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला. 'आत्या, परीक्षेत मी पाचच लिहिले,' ती म्हणाली. 'पाचाला पाच मिळाले.' लेक मध्येच घुसला: दाणे वर का येतात? ती उठली, गोणीतलं मूठभर भात आणि पाण्याचं भांडं घेऊन आली. काही दाणे तरंगले, तिने ते बाजूला काढले. 'मीठ घाल ना,' हा इकडून ओरडला. तिने वहिनीची नजर चुकवून ओंजळभर ओतलं, ढवळलं. आणखी चार-पाच दाणे वर आले. का, ते दोघांनाही नीट सांगता येईना. मागून दादाचा आवाज आला, 'पुस्तकात असेल बघ.'