तागाचं लिनन आणि एका दिवसाची थाप

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बागेतला ताग गाडून वाया घालवू नका. एक दिवस शेततळ्यात भिजवा, साल ओढा, लिननचा धागा तयार. जाळून राख झाली की माल शुद्ध. खत मिळेल ते वेगळंच.’

आधी खताचं बघू. हिरवळीच्या खतासाठीचा ताग, म्हणजे बोरू, सहा-सात आठवड्यांत, फुलं दिसू लागताच गाडतात. तेव्हा तो कोवळा असतो, लवकर कुजतो. दोरासाठीचा ताग शेंगा धरेपर्यंत ठेवतात. तोवर तो पुरुषभर उंच होतो, काडी लाकडाळते. द्राक्षांच्या दोन ओळींत असं रान माजल्यावर फवारणीचा ब्लोअर कुठून न्यायचा?

एका दिवसात काडी भिजते, धागा सुटत नाही. तंतू सालीत असतात आणि पेक्टिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने चिकटलेले असतात. ते पेक्टिन साध्या पाण्यात विरघळत नाही, पाण्यातले जिवाणू ते खातात. उबदार पाण्यात त्यांना काही दिवस पुरतात. निफाडच्या थंडीत बरेच जास्त लागतात. म्हणून दिवस मोजून भागत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज दोन-तीन काड्या काढून बुडख्याकडून साल ओढायची. अखंड सुटली की गठ्ठा लगेच बाहेर. आणखी राहिला तर तंतूंचे आतले जोडही कुजतात, धागा हातात तुटतो. कुजवणीच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि त्याला घाण वास सुटतो. शेततळ्याचा सल्ला देणाऱ्याने मासे पाळलेले नसावेत, ठिबकही जोडलेलं नसावं.

जाळून काय कळणार? ताग, कापूस, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा), सगळं सेल्युलोज, म्हणजे कागदाचाच पदार्थ. सगळ्यांना जळक्या कागदाचा वास. येवल्याच्या पैठणीचा धागा जाळून बघणं ठीक, कारण रेशीम प्रथिनाचं, त्याला केस जळल्यासारखा वास येतो. व्हिस्कोसची भेसळ पकडायची तर धागा ओला करून ओढा. व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्मी होते, कापूस आणि ताग ओले झाले तरी टिकतात. प्रयोगशाळेत तर नमुना आधी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवतात, मग ताण देतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत आणि श्रावणात एकाच धाग्याचे आकडे वेगळे येतात.

राहिलं लिनन. ते जवसाच्या काडीचं. तागाचा धागा राठ. त्याचे दोर, मासेमारीची जाळी, सिगारेटचा कागद होतो. कासरा वळायची हौस असेल तर बांधाकडेला एक पट्टा वेगळा पेरा, आणि फुलं आली तरी त्याला हात लावू नका.