ढग आमच्यासाठी, पंखा लेकीसाठी

‘छत फिकट आकाशी रंगवून पांढरे ढग काढा, तान्हं बाळ तासन्‌तास बघत राहील’ हे बाळाची खोली सजवण्यावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. अहो, नवजात बाळाला जेमतेम २०-३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजणाऱ्या आईचा चेहरा. नऊ फुटांवरचे फिकट ढग त्याला कुठले दिसायला! त्या वयात डोळा ठरतो तो काळ्या-पांढऱ्यासारख्या ठळक फरकावर.

आम्हीही हौसेने ढग काढून घेतले होते. पेंटरने दोन दिवस मान मोडून काम केलं, पैसेही मोजून घेतले. लेक तिसऱ्या महिन्यात नजर लावून बघायला लागली ती कशाकडे? पंख्याकडे! फिकट छतावर तपकिरी पाती, त्यात फिरणारी. लाइट गेली की पाती थांबायची आणि हिचं भोकाड सुरू. शेवटी सासूबाईंनी जुन्या खणाच्या तुकड्यांचं चिमणाळं शिवून पाळण्यावर, हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर टांगलं. ढगांखाली आता माझा नवरा मात्र छान झोपतो.